बहुमताने ठरलेलं मुखपृष्ठ

हिम्मतराव हे नाव ज्यांनी ठेवलं, त्यांना त्या बाळाकडे पाहून नेमकं काय वाटलं असेल हे सांगायला आता कुणी उरलेलं नाही. वडीलधारी माणसं नाव ठेवून मोकळी होतात; ते जन्मभर निभावायचं काम ज्याच्या गळ्यात पडतं, त्याला कुणी विचारत नाही. हिम्मतरावांनी सिकंदराबादच्या रेल्वे कचेरीत उभी नोकरी वेळापत्रकाची मुद्रितं तपासण्यात घालवली. गाडी चुकीच्या वेळी सुटली तर लोक गार्डाला शिव्या देतात. चुकीच्या वेळी छापली गेली तर शिव्या कुणाला द्यायच्या, हे कुणालाच ठाऊक नसतं. ही सोय त्यांना फार मानवली होती. निवृत्त झाल्यावर तारनाक्याच्या फ्लॅटमध्ये त्यांनी खिडकीपाशी एक खुर्ची, खुर्चीपाशी पुस्तकांचं कपाट आणि जगापासून बेताचं अंतर अशी आपली व्यवस्था लावून घेतली होती.

एका रविवारी त्यांची नात केतकी त्या कपाटापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. केतकी ग्राफिक डिझाइन शिकत होती. ते म्हणजे नेमकं काय, हे हिम्मतरावांनी तिला दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटून त्यांनी आपल्याला समजल्याचं जाहीर केलं होतं.

"आजोबा, एक मराठी क्लासिक द्या ना. जुनी नॉव्हेल."

"वाचायला?" हिम्मतरावांच्या आवाजात नको तितकी आशा डोकावली.

"वाचायला नाही हो. कव्हर बदलायला."

प्रकार असा होता. केतकीच्या वर्गात प्रत्येकाने आपापल्या मातृभाषेतली एक जुनी कादंबरी निवडायची, तिला आजच्या काळातलं नवं मुखपृष्ठ करायचं आणि मूळ मुखपृष्ठ त्याच्या शेजारी लावून दोन्ही परीक्षकांपुढे ठेवायची. शिवाय, ती कादंबरी खरोखर वाचलेला एक जिवंत माणूस बरोबर आणायचा. गेल्या वर्षी मुलांनी कुणीच न वाचलेल्या पुस्तकांची कव्हरं केली होती म्हणे. या जिवंत माणसाला त्यांच्या शास्त्रात 'एंड युजर' म्हणतात.

"पण ही सगळी सेम का आहेत?" केतकी कपाटाकडे पाहत म्हणाली.

कपाटातली सगळी पुस्तकं तपकिरी रेक्झिनची होती. एका उंचीची नव्हती एवढंच, नाहीतर ती भिंतच वाटली असती. याला कारण हिम्मतरावांच्या घराची रीत. पुस्तक विकत घेतलं की ते आधी कोठी बाजारातल्या जिल्दवाल्याकडे जायचं. तो छापील मुखपृष्ठ काढून फेकायचा, जाड पुठ्ठा लावायचा, वर रेक्झिन चढवायचा, कोपऱ्यांना कापड डकवायचा, आणि मग पुस्तक घरात यायचं. हिम्मतरावांच्या वडिलांचं मत असं होतं की, मुखपृष्ठ हे दुकानदाराच्या सोयीचं असतं. एकदा पुस्तक घेतल्यावर त्याचं काम संपलं. नवरी मुंडावळ्या संसारभर बांधून बसते का, असं ते विचारत. या प्रश्नाला आजवर घरात कुणी उत्तर दिलं नव्हतं.

हिम्मतरावांनी त्या क्षणी एखादी खरोखर गाजलेली कादंबरी काढून दिली असती, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण हात पुढे गेला तो 'बारा कोसांचा पाहुणा'वर. पुस्तक केतकीच्या हातात पडताच त्यांना पश्चात्ताप झाला.

ही कादंबरी ते कॉलेजात असल्यापासून दरवर्षी एकदा वाचत आले होते आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. त्यांना ती फार आवडत होती. पण ती चांगली आहे की नाही, याबद्दल त्यांची खात्री नव्हती. उद्या हे पुस्तक चार जाणत्यांपुढे गेलं आणि ते हसले, तर आपल्याला त्यांचंच पटेल, अशी त्यांना भीती होती. मग इतकी वर्षं आपण काय वाचत होतो, हा प्रश्न उरला असता. म्हातारपणी असे प्रश्न घरात आणू नयेत.

"फेमस आहे ना ही?"

"होती," हिम्मतराव म्हणाले. "मला वाटतं."

"गोष्ट सांगा. तीन ओळींत. सर म्हणतात, तीन ओळींत बसली पाहिजे."

हिम्मतरावांनी घसा साफ केला. "एका मास्तरांच्या घरी बारा कोसांवरून एक पाहुणा येतो. दोन दिवसांसाठी. त्याला मास्तरांशी काहीतरी बोलायचं असतं."

"हं."

"तो अकरा वर्षं राहतो."

"आणि काय बोलतो?"

"बोलत नाही."

"म्हणजे?"

"बोलायचं राहून जातं. मग तो जातो."

केतकीने आजोबांकडे पाहिलं, मग पुस्तकाच्या जाडीकडे पाहिलं. "एवढ्यासाठी चारशे पानं?"

हिम्मतरावांचे कान तापले. "दुसरं बघू का एखादं?" ते म्हणाले.

"नक्को. हेच घेते. वेगळं आहे." आणि तिने पुस्तकाचा फोटो काढला. फोटोत एक तपकिरी आयत आला.

स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकत असलेल्या रजनीताई, म्हणजे हिम्मतरावांच्या पत्नी, पदराला हात पुसत आल्या. त्यांनी तो फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "अकरा वर्षं पाहुणा ठेवला म्हणजे त्या मास्तरणीची कादंबरी कुणी लिहिली की नाही?"

* * *

मूळ मुखपृष्ठ इंटरनेटवर कुठेच सापडेना, म्हणून आजोबा आणि नात कोठीच्या गल्लीतल्या आपल्या मराठी वाचनालयात गेले. कादंबरी निघाली. तीही रेक्झिनची निघाली. इथे रंग लालसर मरून होता, एवढाच फरक.

वाचनालयाचे चिटणीस नामदेवराव हे निवृत्त वकील. कोर्ट सुटलं, पण युक्तिवाद सुटला नव्हता.

"कव्हरं ठेवत नसतो आपण," नामदेवराव म्हणाले. "नियम आहे."

"पण का?" केतकीने विचारलं.

"कव्हर फाटतं, बेटा."

"मग फाटल्यावर काढा ना. आधीच का काढायचं?"

"आधी काढलं की फाटत नाही," नामदेवराव म्हणाले आणि अशील सुटल्यासारखे मागे रेलून बसले.

तळघरात एका खोलीत जुना साठा होता आणि त्यात एखादी न बांधलेली प्रत असण्याचा संभव होता. पण ती खोली उघडायला कार्यकारी समितीचा ठराव लागत असे आणि तिची किल्ली खजिनदार श्रीकांतरावांकडे असे. श्रीकांतराव मुलाकडे अमेरिकेला गेले होते. किल्लीही गेली होती. ती ते गळ्यात घालत, कारण मागे एकदा ती हरवल्याचा ठपका त्यांच्यावर आला होता.

"तुम्ही अर्ज द्या," नामदेवराव म्हणाले. "विषय समितीपुढे घेऊ. संस्थेचा प्रश्न आहे आता हा."

"माझ्या प्रोजेक्टचा प्रश्न आहे," केतकी हळूच म्हणाली.

"तेच ते," नामदेवराव म्हणाले.

समिती बसली. विषयपत्रिकेवर पंख्याच्या दुरुस्तीनंतर 'मुखपृष्ठाबाबत विचार करणे' हा विषय होता. अर्जदार म्हणून हिम्मतराव कडेच्या खुर्चीवर बसले होते. अध्यक्षा त्रिवेणीबाई होत्या. जामबागेतल्या एका शाळेच्या त्या अनेक वर्षं मुख्याध्यापिका होत्या आणि अजूनही समोरच्या माणसाची नखं पाहून मग बोलत. व्हिडिओ कॉलवर श्रीकांतराव होते. त्यांच्याकडे पहाट होती आणि किल्ली स्पष्ट दिसत होती. फक्त तिचा उपयोग नव्हता.

"साठा उघडायची गरजच काय?" नामदेवराव म्हणाले. "मी वाचली आहे ती. कव्हरवर बैलगाडी होती. मागे सूर्य बुडताना. पक्कं आठवतं."

"बैलगाडी नव्हती," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "नऊवारीतली बाई होती. पाठमोरी."

"पाठमोरी बाई दुसऱ्या पुस्तकावर होती, मॅडम."

"नामदेवराव, पाठमोऱ्या बाया मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत. मी मुलींची शाळा चालवली आहे."

श्रीकांतराव काहीतरी म्हणाले. आवाज येत नव्हता. आला तेव्हा ते म्हणत होते की मुखपृष्ठावर काहीच नव्हतं, नुसती अक्षरं होती. पण दूरच्या माणसाचं मत दूरचंच राहतं.

चर्चा तापली. मग वकिली कामी आली. नामदेवरावांनी तोड सुचवली की बाई बैलगाडीत बसलेली होती असं मानलं, तर ती पाठमोरीच दिसणार. त्रिवेणीबाईंनी विचार करून मान डोलावली. मतदान झालं. श्रीकांतराव विरोधात, बाकी सगळे बाजूने. बहुमताने ठराव मंजूर झाला: 'सदर कादंबरीच्या मूळ मुखपृष्ठावर मावळतीच्या सूर्यासमोर बैलगाडी व तीत पाठमोरी स्त्री होती असे ही समिती मानते.' हिम्मतरावांना विचारायचं राहून गेलं. कादंबरीत बैलगाडी नाही, पाहुणा अख्खा रस्ता पायी येतो, ते पहिल्याच पानावर आहे, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण तोवर चहा आला. चहा आल्यावर मराठी समितीत सत्य सांगता येत नाही.

परत येताना ऑटोत त्यांनी ठरावाची प्रत केतकीच्या हातात दिली. तिला ती वाचायला वेळ लागला. शाळेत तिला हिंदी होती, तेलुगू होती. मराठी तिने घरात नुसती ऐकलेली.

"आजोबा, यांनी कव्हर व्होटिंगने ठरवलं?"

"हो."

"लोल," केतकी म्हणाली. मग जरा वेळाने तिने विचारलं, "तुम्हाला काय आठवतं?"

हा प्रश्न त्यांना त्या दिवसभरात कुणी विचारला नव्हता. खरं तर बऱ्याच वर्षांत विचारला नव्हता. हिम्मतरावांनी बाहेर पाहिलं. मौलालीकडे जाणारी एक मालगाडी पुलाखालून हळूहळू सरकत होती.

"एक दार आहे," ते म्हणाले. "अर्धं उघडं. आत उजेड. आणि बाहेर पायरीवर वहाणांचा जोड. एका वहाणेचं टोक दाराकडे आहे. दुसरीचं रस्त्याकडे."

केतकीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "हे कव्हरवर होतं?"

"बहुतेक," हिम्मतराव म्हणाले.

ते 'बहुतेक' फार हळू म्हणाले. ऑटोचा आवाज मोठा होता.

* * *

केतकीने नवं मुखपृष्ठ घरच्या जेवणाच्या टेबलावर केलं. तिचे आईवडील सकाळी ऑफिसला जात ते रात्री येत, त्यामुळे टेबल रिकामं होतं आणि सल्ल्याला मंडळी भरपूर होती.

नव्या मुखपृष्ठावर तिने एक मोठं नारिंगी वर्तुळ काढलं होतं आणि त्यातून बाहेर येणारी एक बारीक रेघ. वर्तुळ म्हणजे घर. रेघ म्हणजे पाहुणा.

"पाहुण्याला चहा तरी दाखव," रजनीताई म्हणाल्या. "रेघ काय? रेघेला कोण घरात घेईल?"

वरच्या मजल्यावरच्या अनसूयम्मा दही मागायला आल्या, त्यांनी पाहिलं आणि नारिंगी रंग आग्नेयेला आहे, तो तिथे बरा नाही असं सांगितलं. केतकीने स्क्रीन फिरवून त्यांच्यापुढे केली, तर आग्नेय बदलली. त्यावर त्यांचं समाधान झालं आणि कोपऱ्यात एक बारीकसा गणपती असावा एवढीच त्यांनी सूचना केली. त्या तेलुगू होत्या; कन्नड असत्या तरी हीच सूचना आली असती. नामदेवरावांचा रोज फोन येई. बैलगाडी कुठवर आली?

मूळ मुखपृष्ठाचं काम मात्र केतकी दार लावून करत होती. हिम्मतरावांनी ते आधी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा ते जागीच उभे राहिले.

दार होतं. अर्धं उघडं. आतला उजेड उंबऱ्यावरून एक हातभर बाहेर सांडला होता. पायरी थोडी झिजलेली होती. हे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. आणि वहाणा. केतकीने रंग जुन्या छपाईसारखे किंचित सरकवले होते, कडा पिवळ्या केल्या होत्या, एका कोपऱ्यावर चहाच्या कपाचा गोल डागसुद्धा होता.

"हा डाग?"

"टेक्स्चर आहे, आजोबा. जुनं वाटायला."

खाली तिने लिहिलं होतं: मूळ मुखपृष्ठ.

जन्मभर मुद्रितं तपासलेल्या माणसाचं बोट आपोआप त्या दोन शब्दांवर गेलं. "इथे 'आठवणीतलं' असं लिहिलं तर?"

"मग मार्क जातील. ओरिजनल मस्ट आहे." ती स्क्रीनकडेच पाहत होती. "तुम्हाला आठवतं ना? मग झालं. टेन्शन नक्को घेऊ."

हिम्मतरावांनी बोट काढून घेतलं. आपल्याला आठवतं की आपल्याला दिसतं, हा फरक त्यांना नीट सांगता आला नसता. आणि एकदा सांगितलं असतं, तर 'बारा कोसांचा पाहुणा' आपल्याला किती जवळचा आहे तेही सांगावं लागलं असतं. त्यांनी विषय सोडून दिला. हे त्यांना नेहमीच सोपं जाई.

* * *

परीक्षेच्या दिवशी आजोबा आणि नात तारनाक्याहून मेट्रोने निघाले. मेट्रोत नामदेवराव आधीच बसलेले होते. अंगात जाकीट होतं आणि हातात ठराव.

"मराठीचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "संस्थेने मागे राहून चालायचं नाही. काय, हिम्मतराव, बराबर आहे ना?"

कॉलेजच्या फाटकावर पाहुण्यांची नोंद एका पडद्यावर होत होती. त्यात प्रकार तीन: पालक, मॉडेल, व्हेंडर. केतकीचे पालक तिचे आईवडील असल्याचं यंत्राला माहीत होतं. हिम्मतराव मॉडेल नाहीत हे सुरक्षारक्षकाला दिसत होतं. तेव्हा त्याने त्यांच्या छातीवर 'व्हेंडर' असा गोल कागद चिकटवला. नामदेवरावांनी पाच मिनिटं युक्तिवाद केला. त्यांनाही व्हेंडर मिळालं.

आपण काय विकायला आलो आहोत, असा विचार करत हिम्मतराव आत गेले.

दालनात भिंतीभर मुखपृष्ठं लावली होती. तेलुगू, उर्दू, मल्याळी, बंगाली. प्रत्येकाच्या शेजारी कुणी ना कुणी आजी, मामा, शेजारी उभा. प्रत्येकाच्या तोंडावर लग्नात ओळख नसलेल्या पंगतीत बसल्याचा भाव होता. परीक्षक दोघं होते. एक केतकीचे सर आणि दुसऱ्या बाहेरून आलेल्या पांढऱ्या केसांच्या बाई. त्या फार हळू चालत आणि कुठल्याही चित्रापुढे आधी चष्मा काढत.

केतकीच्या भिंतीपुढे त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ घातलाच नाही. त्या नारिंगी वर्तुळाकडे पाहत नव्हत्या.

"हे कुणाचं काम?" त्यांनी विचारलं. बोलणं सगळं इंग्रजीत होतं. "जुन्या काळातल्या कुणाचं? आतल्या पानावर चित्रकाराचं नाव असेल."

केतकी चित्राखालच्या पाटीकडे पाहू लागली.

"याला शोधला पाहिजे. या माणसाने पुस्तक वाचलेलं आहे." बाईंनी वहाणांजवळ बोट नेलं, लावलं नाही. "आता तुझं बघू. वर्तुळ छान आहे. स्वच्छ आहे. पण खरं सांगू? ज्याला हे मूळ चित्र मिळालं आहे, त्याने त्यावर वर्तुळ का काढावं? तुला पुस्तक कळलेलं नाही. त्याला कळलं होतं."

सरांनी हातातल्या टॅबवर काहीतरी लिहायला घेतलं.

केतकीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. घरातल्या सगळ्यांच्या होतात. हिम्मतरावांच्या वडिलांच्याही होत. तिला बोलता येत नव्हतं. ते चित्र माझं म्हणावं तर खोटं मूळ मुखपृष्ठ लावल्याचं कबूल करणं आलं. न म्हणावं तर ती आपल्याच हाताने हरत होती. ती आजोबांकडे पाहतही नव्हती. तिने पाहिलं असतं, तर कदाचित हिम्मतराव नजर चुकवून सुटले असते.

त्यांनी हात वर केला. तो खांद्यापर्यंतच गेला. तिथवर गेलेला हात कुणालाच दिसत नाही, हे त्यांना नोकरीतल्या सभांपासून माहीत होतं. म्हणून ते बोलले.

"मॅडम, तो चित्रकार नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे ही आहे." त्यांनी केतकीकडे बोट दाखवलं. "मूळ मुखपृष्ठ मिळालं नाही. आमच्याकडे ते काढून टाकतात. मला काय दिसतं ते मी सांगितलं. काढलं तिने. डागसुद्धा तिनेच पाडला."

सरांचा हात थांबला. "म्हणजे ओरिजनल बनावट आहे?"

इतक्यात नामदेवराव पुढे आले. "सर, एक मिनिट. संस्थेच्या कार्यकारी समितीचा या संदर्भात ठराव झालेला आहे," असं म्हणून त्यांनी तो खणखणीत मराठीत वाचला, आणि मग इंग्रजीत समजावून सांगितला. बैलगाडी. सूर्य. स्त्री, पाठमोरी. विरुद्ध एक मत, अमेरिकेतून.

आता त्या एका कादंबरीला तीन मुखपृष्ठं झाली होती, आणि मूळ कुठलं हे कुणालाच माहीत नव्हतं.

"कादंबरीत बैलगाडी आहे?" पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं.

"नाही," हिम्मतराव म्हणाले. "तो चालत येतो." हे नामदेवरावांसमोर म्हणायला त्यांना महिना लागला होता.

"आणि या वहाणा?"

"त्याही नाहीत."

"मग?"

हिम्मतरावांना वाटलं, आता मागे वळावं, सरळ चालत जावं, फाटकावर व्हेंडर काढून द्यावं आणि मेट्रो पकडावी. पण केतकी आता त्यांच्याकडे पाहत होती. "तो पहिल्या दिवशीच सांगणार असतो," ते म्हणाले. "मग दुसऱ्या दिवशी मास्तरांचा मुलगा आजारी पडतो, म्हणून थांबतो. मग पाऊस. मग तो त्या मुलाला गणित शिकवायला लागतो. रोज वाटतं, आज सांगू. अकरा वर्षं. लेखकाने कुठेही लिहिलेलं नाही की, तो घरात पूर्ण आला नव्हता. पण मला दरवेळी वाटतं की, त्याच्या वहाणा अशाच असणार."

मागे उभ्या असलेल्या मुलांमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. "इलेवन इयर्स?" असं कुणीतरी म्हणालं, आणि आणखी दोघं हसले.

ज्या हसण्याला हिम्मतराव इतकी वर्षं भीत आले होते ते हेच. ते आलं आणि त्यांनी मनातल्या मनात पुस्तक चाचपून पाहिलं, खिशातलं पाकीट चाचपावं तसं. ते होतं जिथल्या तिथे. मास्तर होते, मुलगा होता, पाऊस होता. कुणी हलवलं नव्हतं. त्यांना जरा आश्चर्यच वाटलं. आणि अकरा वर्षं हे तसं हसण्यासारखंच आहे, असंही वाटलं; मास्तरणीच्या बाजूने पाहिलं तर नक्कीच.

बाई हसल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा घातला आणि केतकीला विचारलं, "तू वाचलं आहेस हे पुस्तक?"

"नाही," केतकी म्हणाली. "मला मराठी नीट वाचता येत नाही."

"वर्तुळ काढून टाक. खोटी पाटीही काढ. हे दार तुझं आहे, तुझ्या नावाने लाव. पण आज मी याला पास करणार नाही. आधी पुस्तक वाच, पंधरा दिवसांनी परत दाखव. वाचल्यावर हेच ठेवावंसं वाटलं तर ठेव. नाही वाटलं तर बदल. आजोबांना काय दिसतं ते कळलं. तुला काय दिसतं?"

सरांनी टॅबवरचं खोडलं. नामदेवरावांनी ठरावाची एक प्रत त्यांना दिली, नोंदीसाठी.

परतीच्या मेट्रोत नामदेवराव खूश होते. संस्थेचा ठराव प्रथमच शहराच्या त्या टोकाला वाचला गेला होता. "फक्त तुम्ही बैलगाडीबद्दल असं चारचौघांत बोलायला नको होतं, हिम्मतराव," ते उतरताना म्हणाले. "समितीत बोलायचं ना, भाई."

"हो," हिम्मतराव म्हणाले. "तिथे चहा आला होता."

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी पुस्तक घेऊन खिडकीपाशी बसली. पहिल्या पानावर बोट ठेवून ती दुकानाच्या पाट्या वाचाव्यात तशी वाचत होती: एकेक शब्द, मध्ये थांबून. रजनीताईंची भाजी चिरून झाली, तरी पाहुणा गावाच्या वेशीपर्यंतही पोहोचला नव्हता. शेवटी तिने पुस्तक आजोबांपुढे सरकवलं.

"तुम्ही वाचा. मी ऐकते."

हिम्मतरावांनी आजवर मोठ्याने वाचलं ते फक्त गाड्यांचे आकडे, समोरच्या कारकुनाशी ताडून पाहायला. त्यांनी पाणी घेतलं. मग सुरुवात केली. रस्ता. रस्त्याकडेची झाडं. पहिल्या दोन पानांत पाहुण्याखेरीज दुसरा माणूसच नाही, हे त्यांच्या आज प्रथमच लक्षात आलं. लेखक ओसरीचं वर्णन करायला लागला आणि थांबेना. मनातल्या मनात वाचताना ही ओसरी किती पटकन संपे. हिम्मतरावांनी खांबांबद्दलचं एक वाक्य हळूच सोडून दिलं.

"काहीतरी गाळलंत."

"नाही."

"आजोबा, तुमचे डोळे दोन ओळी खाली गेले."

ते मागे आले आणि त्यांनी खांब वाचले. मग कोनाडा वाचला. मग ओसरीवरची सतरंजी. केतकीने भिंतीला डोकं टेकलं, जांभई दिली आणि म्हणाली, "बोअर आहे हो."

हिम्मतराव थांबले. त्यांना राग आला नाही. त्यांनी चष्मा काढला. "आहे तसं," ते म्हणाले. आणि आत बोट ठेवून पुस्तक मिटलं.

"बंद का केलं?"

"तू म्हणालीस ना."

"बोअर आहे म्हटलं. बंद करा कुठं म्हटलं?" केतकीने पाय पोटाशी घेतले. "तो कधीचा बाहेर उभा आहे. आत तर येऊ द्या त्याला."

हिम्मतरावांनी चष्मा घातला, बोट होतं तिथे पुस्तक उघडलं, आणि सतरंजीपासून पुढची चार पानं एक शब्द न गाळता वाचली.